त्रास न देणारं मूल

फळ्यावर लिहिता लिहिता श्रावस्तीचा हात थांबला. मागं बसलेल्या शिक्षकांना वाटलं, मॅडमना पुढचा शब्द आठवत नाही. पण शब्द अगदी साधा होता, आणि तो नको तितका आठवला म्हणूनच हात थांबला होता. मूल मागं पडायला लागलंय हे परीक्षेच्या आधी कशावरून ओळखता, असा प्रश्न तिनं टाकला होता आणि जो जे सांगेल ते आपल्या गोल अक्षरात ती एकाखाली एक लिहीत चालली होती. मूल खिडकीबाहेर बघत बसतं. खिचडी ताटात तशीच ठेवून उठतं. सगळे हसले की हसतं, पण जरा उशिरा. आता नीलम्माबाई म्हणाल्या होत्या, 'समजलं का' म्हटलं की लगेच 'हो' म्हणतं. त्यातल्या 'हो'पाशी खडू अडला. सकाळी नळदुर्गहून निघताना मोटारसायकलवर मागं बसत तिनं नवऱ्याला विचारलं होतं, मी पुढं उभी राहून बोलणार नि तुम्ही समोर बसून ऐकणार, तुम्हाला अवघड वाटंल का हो? प्रेमानंद म्हणाला होता, हो. ती चमकली. हो काय, असं तिनं विचारलं तर म्हणाला, म्हणजे नाही. ती हसली होती. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्वारी उभी होती, गार वारा कानात शिरत होता आणि तक्ते चुरगळू नयेत म्हणून ती त्यांची गुंडाळी छातीशी धरून बसली होती. जळकोट येईपर्यंत तिच्या डोक्यात पहिल्या तासाची सुरुवात घोळत राहिली. आता तो 'हो' परत आला, आणि तिच्या ध्यानात आलं की त्यानं प्रश्न ऐकलाच नव्हता.

तिनं शब्द पुरा केला, बोटांची पांढरी पूड झटकली आणि वळली. केंद्रशाळेचा लांबट हॉल, वर पत्रे, भिंतीवर पाढे. चाळीसेक शिक्षक मुलांच्या बाकांवर गुडघे आखडून बसले होते. तिची नजर आपोआप खिडकीकडच्या ओळीवर गेली. प्रेमानंद याच केंद्रातल्या एका लहान शाळेवर शिक्षक, त्यामुळं मूल्यमापनाच्या या कार्यशाळेला येणं त्याला भागच होतं. आणि ती तज्ज्ञ मार्गदर्शक, त्यामुळं स्वतःच्या नवऱ्यासमोर उभं राहून बोलणं तिला. हजेरीला त्यानं "हजर, मॅडम" म्हटल्यावर हॉल हसला होता. तोही हसला होता, सगळ्यांचं हसून झाल्यावर. आता तो बाहेर बघत होता. बाहेर काही नव्हतं, पाण्याची टाकी आणि तिच्या सावलीत उभ्या केलेल्या गाड्या. हातातल्या पेनाचं टोपण काढलेलं नव्हतं.

"मॅडम, अजून एक लिवा," नीलम्माबाई म्हणाल्या. त्या निवृत्तीला आलेल्या, चष्मा डोक्यावर सारून बोलायची सवय. "जे पोरगं तरास देत न्हाय, त्याच्याकडं आपलं ध्यानच जात न्हाय. लई गुणी म्हणतो आपण त्याला."

सगळ्यांनी माना डोलावल्या. श्रावस्तीनं तेही लिहून घेतलं. लिहिताना तिला आपलाच आवाज ऐकू येत होता, दिवाळीत नणंदेशी फोनवर बोलतानाचा: आमचे हे आता किती शांत झालेत म्हणून सांगू, पहिल्यासारखी कटकट न्हाय, काही न्हाय. केवढ्या समाधानानं सांगितलं होतं तिनं. खरं तर हे तज्ज्ञपण आधी त्याच्याकडं आलेलं. केंद्रप्रमुख गौरीशंकर सरांनी पहिला फोन त्यालाच केला होता आणि त्यानं म्हटलं होतं, श्रावस्ती जाईल, ती माझ्यापेक्षा चांगलं करेल. ती ओट्यापाशी उभी राहून ऐकत होती. तिला भरून आलं होतं. पुण्याच्या प्रशिक्षणाला ती गेली तेव्हा त्यानं तिची बॅग भरून दिली, स्टँडवर सोडलं, एसटी हलेपर्यंत थांबला. एवढा मोठ्या मनाचा नवरा कुणाला मिळतो, असं ती वाटभर स्वतःशी म्हणत राहिली. नको वाटणं आणि देऊन टाकणं बाहेरून सारखंच दिसतं, हे तिला आत्ता, फळ्याकडं पाठ करून उभी असताना कळत होतं, आणि समोर बसलेली माणसं पुढच्या मुद्द्याची वाट बघत होती.

ती बोलत राहिली. बोलणं पाठ होतं. मूल काय शिकलं हे फक्त पेपरवरून ठरवू नका, त्याच्याकडं बघा, बघितलेलं साध्या शब्दांत लिहा. तोंड आपलं काम करत होतं आणि मन मागं मागं जाऊन एक दिवस शोधत होतं, ज्या दिवसापासून हे सुरू झालं तो. सापडत नव्हता. धाराशिवला डी.एड.ला असतानाचा प्रेमानंद मात्र लख्ख दिसत होता. एका खेड्यातल्या शाळेत त्याचा सराव पाठ होता, हातच्याची वजाबाकी. मागं तपासणीस बसलेले, श्रावस्ती आणि बाकीचे भिंतीला टेकून नोंदी घेणारे. पाठ रंगात आला असताना तो मधेच थांबला, सरळ शेवटच्या रांगेत गेला आणि एका पोराच्या कपाळावर हात ठेवला. पोर तापानं फणफणलं होतं. त्याच्या वर्गशिक्षकांना माहीत नव्हतं, शेजारी बसलेल्या पोरांना माहीत नव्हतं. प्रेमानंदनं त्याला उचलून व्हरांड्यात नेलं, ओल्या रुमालाची घडी डोक्यावर ठेवली आणि तास संपेपर्यंत तिथंच बसला. पाठ अपुरा म्हणून गुण कापले गेले. परतताना जीपमध्ये तो म्हणाला, पोरगं तापलेलं, मग हातचा कुठं ठेवू मी? श्रावस्ती त्या वाक्यावर भाळली. पुढं लग्न झालं, नोकऱ्या लागल्या, प्रीती झाली, नळदुर्गला घर झालं. भीमजयंतीला सगळी गल्ली त्याच्या आवाजाची वाट बघायची. दोन वर्षांमागं घसा बसलाय म्हणून तो गायला नाही. मागल्या वर्षी कुणी विचारलंच नाही. पेपर वाचताना तो पेपराशी भांडायचा, भाजीत मीठ कमी पडलं की तिच्याशी. कधीतरी ते भांडण बंद झालं आणि घरात एक गारवा आला. प्रीती मेडिकलच्या परीक्षेसाठी लातूरला गेल्यावर तर घर इतकं निवांत झालं की श्रावस्तीनं त्या निवांतपणात अख्खं एम.ए. केलं. ती वाचत बसली की तो आवाज न करता चहा ठेवून जायचा. कप ठेवणाऱ्या हाताकडं तिनं कधी वर मान करून बघितलं होतं का, हे तिला आठवेना.

आता तोंडी मूल्यमापनाचं प्रात्यक्षिक होतं. एकानं मूल व्हायचं, श्रावस्तीनं शिक्षक व्हायचं, मुलाला न घाबरवता प्रश्न कसे विचारायचे ते दाखवायचं. कोण येतं, असं तिनं विचारलं तसा विरेश उठला. नवीन लागलेला, पंचविशीतला, सगळ्यांचा लाडका पोरगा. प्रेमानंद सरांना बोलवा, म्हणाला, घरी रोज परीक्षा होतच असंल, इथं आम्हाला बघायला मिळू द्या. हॉलमध्ये हशा उसळला. गौरीशंकर सरही हसले, या या प्रेमानंद सर, म्हणाले. श्रावस्तीला नाही म्हणायचं होतं. विरेशच या, असं म्हणणं किती सोपं होतं. पण प्रेमानंद तेवढ्यात उठलासुद्धा होता. कुणी उठ म्हटलं की उठतात तसा. तो पुढं आला, तिच्या समोरच्या बुटक्या बाकावर बसला आणि हात गुडघ्यांवर ठेवले. तिला त्याचा भांग वरून दिसला. केस केव्हा एवढे विरळ झाले होते?

तिनं ठरलेली सुरुवात केली. "नाव काय तुझं?"

"प्रेमानंद."

पुन्हा हशा. तिनं लटकं रागावून सगळ्यांना गप्प केलं. "बरं प्रेमानंद, तुला शाळेत काय आवडतं?"

"पहिल्यांदा सगळंच आवडायचं."

"आणि आता?"

"आता काही न्हाय."

इतकं हुबेहूब उतरलं होतं ते की मागून कुणीतरी वा म्हणालं. मुलाच्या उत्तरानंतर घाई करू नका, थोडं थांबा, हे तिनंच सकाळी सांगितलं होतं. ती थांबली. तो तिच्याकडं बघत नव्हता, तिच्या चपलांकडं बघत होता, आणि मुलं तशीच बघतात, म्हणून ते अभिनयात बसत होतं.

"का आवडत नाही?"

"तेच कळत न्हाय, बाई."

'बाई' ऐकून बाया खुदखुदल्या. इथं प्रात्यक्षिक संपवता आलं असतं. मूल बोलतं झालं, आता टाळ्या, एवढं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण गेल्या कित्येक महिन्यांत त्यानं तिला दिलेलं हे पहिलं खरं उत्तर होतं, आणि ते हातातून सुटेल या भीतीनं तिनं पुढचा प्रश्न विचारला. शाळेला यावंसं वाटतं का, असं तिनं विचारलं तर येतो की रोज, असं तो म्हणाला. येतोस ते ठीक, पण यावंसं वाटतं का?

पत्रा तापून कुठंतरी कडकला.

"सकाळी उठून बसलं की पाय खाली टेकवावा वाटत न्हाय," तो म्हणाला. "पण येतो. न आलं तर माणसं विचारत्यात."

कुणाचं तरी हसू सुरू झालं आणि तिथंच विरलं. श्रावस्तीला वाटलं, आता सगळ्यांना कळलं. तिनं हॉलवर नजर फिरवली. कुणाला काही कळलं नव्हतं. सगळे कौतुकानं बघत होते, विरेश मोबाईल उभा धरून फोटो काढत होता. तिनं आवाज सांभाळत विचारलं, "घरी सांगितलंस कुणाला?"

"काय सांगू, बाई? ताप असता तर सांगितलं असतं."

प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत अशा वेळेला मुलाचं उत्तर आपल्या शब्दांत परत म्हणावं असं होतं. ती शब्द जुळवू लागली. तोच म्हणाला, हळू, तिला एकटीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, पण पुढच्या ओळीनं ऐकलं. "घरच्यांची चूक न्हाय. मी बरा दिसतो."

टाळ्या वाजल्या. लांब, मनापासून. गौरीशंकर सर खुर्चीतून उठून आले, प्रेमानंदच्या पाठीवर थाप मारली, पुढच्या शिक्षक नाट्यस्पर्धेत सरांना घ्यायचंच, म्हणाले. प्रेमानंद हसला, बाकावरून उठला, गुडघा धरला आणि आपल्या जागेवर जाऊन बसला.

कार्यक्रमाप्रमाणं आता सगळ्यांनी या मुलाची वर्णनात्मक नोंद लिहायची होती. गुण द्यायचे नाहीत, दिसलं ते दोन-तीन वाक्यांत लिहायचं. तिनंच हे आखलं होतं आणि ते टाळायला कारण नव्हतं. कागदांची सळसळ झाली. मग एकेकजण उभा राहून वाचू लागला. शांत व नम्र आहे. शाळेत नियमित येतो. इतर मुलांना त्रास देत नाही. शिक्षकांचा आदर करतो. अधिक प्रयत्न केल्यास प्रगती होईल. प्रत्येक वाक्य खरं होतं. वर्षानुवर्षं प्रगतिपत्रकांवर लिहून लिहून गुळगुळीत झालेली ती वाक्यं तिच्या नवऱ्यावर नीट बसत होती, आणि तिच्या लक्षात आलं की तिला कुणी विचारलं असतं तर तिनंही हेच लिहिलं असतं. नोंद अशी नको, जास्त नेमकी हवी, असं ती सगळ्यांना समजावत होती. नीलम्माबाईंची पाळी आली तेव्हा त्या कोरा कागद घेऊन उभ्या राहिल्या. "मला जमलं न्हाय," एवढंच म्हणाल्या आणि खाली बसल्या. त्यांनी श्रावस्तीकडं बघितलं. श्रावस्तीनं पुढचं नाव पुकारलं.

जेवणाच्या सुट्टीत पुरुषांची पंगत व्हरांड्यात आणि बायकांची वर्गात बसली. गौरीशंकर सर तिच्यापाशी येऊन दुपारच्या सत्राचं बोलत राहिले, वरून अहवाल लवकर मागितलाय, फोटो चांगले आलेत. त्यांच्या खांद्यावरून तिला दिसत होतं की प्रेमानंदनं डब्यातली पोळी शेजारच्याच्या ताटात ठेवली, भाजी चिवडली आणि डब्याचं झाकण लावलं. डबा तिनंच भरला होता. रोज रिकामा परत यायचा. ती हात धुवायचं निमित्त करून टाकीकडं गेली. तो तिथं तोंडावर पाणी मारत होता.

"मगाशी बोललात ते खरं होतं का हो?"

त्यानं रुमाल शोधला. "तू विचारलंस."

"मग घरी का नाही..."

तिचं वाक्य अर्धं राहिलं, कारण काय का नाही, ते तिला ठरवता येईना. का नाही सांगितलंत, की का नाही विचारलं मी. अडचणीत आलेल्या माणसाला वाट करून द्यावी तसा तो रुमालानं तोंड पुसू लागला. म्हणाला, "तुझं दुपारचं सत्र आहे अजून. खाऊन घे." तेवढ्यात विरेश धावत आला, प्रोजेक्टरची वायर लागत नव्हती. ती त्याच्यामागं गेली. जाताना तिला स्वतःची एवढी चीड आली की डोळ्यांत पाणी आलं, पण वायर तिनंच लावून दिली, पडद्यावर चित्र आणलं आणि दुपारचं सत्रही घेतलं. मूल कुठल्या पायरीवर आहे हे ठरवायची पद्धत तिनं समजावली: सुरुवात, विकसनशील, प्रगत. एकानं विचारलं, एखादं मूल वरच्या पायरीवरून खाली आलं तर काय लिहायचं? ती म्हणाली, खाली आलं असं लिहायचं नाही, सुधारणेला वाव आहे असं लिहायचं. उत्तर बरोबर होतं. शिक्षकांनी उतरवून घेतलं. खिडकीकडच्या ओळीत प्रेमानंदनंही टोपण काढून काहीतरी लिहिलं, आणि त्या क्षणी तिला हॉल सोडून, तक्ते, पडदा, सगळं तिथंच टाकून, त्याला हाताला धरून बाहेर न्यावंसं वाटलं. बाहेर नेऊन काय करायचं हे मात्र तिला माहीत नव्हतं. ओल्या रुमालाची घडी कुठं ठेवायची, हे दिसत नव्हतं.

शेवटी आभार झाले, नारळ आणि शाल झाली. परतताना ऊन उतरलं होतं. महामार्गावर काम चाललेल्या जागी गाड्या अडल्या, प्रेमानंदनं मोटारसायकल कडेला घेऊन बंद केली. पुढं ट्रकची रांग होती. मोकळ्या रानातून भाजलेल्या कणसांचा धुरकट वास येत होता. कुठंतरी हुरडा चालला असावा. पहिल्यांदा तो अशा वासानं वेडा व्हायचा, गाडी सरळ शेतात घालायचा, ओळख ना पाळख. आता तो हँडलवर हात ठेवून ट्रकच्या मागच्या फळीकडं बघत होता. त्याच्या पाठीला टेकून ती म्हणाली की आपण सोलापूरला डॉक्टरला दाखवू या. जाऊ या, तो म्हणाला. कधी जायचं, तिनं विचारलं. तू म्हणशील तेव्हा. ती म्हणाली, रविवारी. तो म्हणाला, चालंल. त्यात विरोध नव्हता, होकारही नव्हता; विहिरीत दोर सोडावा आणि तळ न लागावा तसं ते होतं. तिला त्याच्यावर ओरडावंसं वाटलं. त्यानं तिच्यावर ओरडावं असं त्याहून जास्त वाटलं.

"मला काय करावं कळत नाही हो," ती म्हणाली.

"मलापण," तो म्हणाला.

ट्रक हलले. तिनं एक हात त्याच्या पोटाभोवती टाकून ठेवला होता, नळदुर्गला गल्लीत शिरतानाही काढला नाही.

घरी आल्यावर ती पीठ मळायला बसली. दिवेलागण व्हायची होती. त्याचा फोन वाजला, प्रीतीचा होता, आणि श्रावस्तीनं पलीकडच्या खोलीतून त्याचा आवाज ऐकला. भरदार, खेळकर, पहिल्यासारखा. काय डॉक्टरीणबाई, म्हणत होता, आमची नाडी कधी बघणार? आज तुझ्या आईनं माझी परीक्षा घेतली, सगळ्यांसमोर, नापास केलं मला. तो खो खो हसला. श्रावस्तीचे हात पिठात तसेच राहिले. एवढ्या सफाईनं माणूस एका दिवसात हसायला शिकत नाही. किती दिवस तो रोज संध्याकाळी हे करत होता, आणि ती भाकरी थापत ते ऐकून म्हणत होती, बापलेकीचं बरं जमतं.

तो दारात आला, फोन तिच्या कानाशी धरला. तिचे हात पिठाचे होते.

"मम्मी," प्रीतीचा आवाज खाली आला, "पप्पा बरे आहेत ना?"

"का गं?"

"काही न्हाय. लईच हसतात आजकाल."

फोन धरलेला त्याचा हात तिच्या गालापाशी होता. पलीकडून आलेला शब्द न् शब्द त्याला ऐकू गेला असणार. त्याचा चेहरा हलला नाही. प्रीतीची परीक्षा तोंडावर होती. खोलीत तिच्याबरोबर राहणारी मुलगी मागं काहीतरी मोठ्यानं पाठ करत होती, तेही ऐकू येत होतं. श्रावस्तीनं श्वास घेतला. खरं सांगायला तिच्याकडं एक वाक्यसुद्धा तयार नव्हतं.

"बरे आहेत की," ती म्हणाली. "त्यांना काय झालंय. तू अभ्यास कर."

प्रीतीनं फोन ठेवला. प्रेमानंदनं तो तिच्या कानापासून काढला, बंद केला, खिशात टाकला आणि त्या दिवसात पहिल्यांदाच तिच्याकडं नीट, सरळ बघितलं. त्याच्या नजरेत आभार होते.